मत्स्यन्याय आणि काचेची पेटी
(शिकारी माशांचे शेजारी कसे निवडावेत? : एक अभ्यास)

राज्यशास्त्राच्या वर्गात कौटिल्याचे अर्थशास्त्र शिकताना 'मत्स्यन्याय' हा शब्द आपणा सर्वांच्या कानावर येतो. दंडशक्ती नसेल तर बलवान दुर्बलास गिळून टाकतो, जसा मोठा मासा लहान माशास. आणि या अवस्थेने गांजलेल्या प्रजेने मनूला राजा केले, असे कौटिल्य सांगतो. उपमा इतकी चपखल आहे की ती ऐकल्यावर खऱ्या माशाकडे पाहण्याची गरजच कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात उपमा बाजूस ठेवून खुद्द माशाकडे पाहावयाचे आहे. मोठा मासा लहान माशास नेहमीच खातो काय? खात असल्यास केव्हा, आणि खात नसल्यास का? आणि ज्याने दिवाणखान्यात काचेची टाकी मांडली आहे, त्याने शिकारी माशाजवळ कोणाला ठेवावे व कोणाला ठेवू नये?

प्रश्न वरवर हौशीचा वाटतो. परंतु नांदेड आणि लातूर यांसारख्या शहरांतून आता रंगीत माशांची दुकाने झाली आहेत, आणि त्यांत गप्पी, मोली, गोल्डफिश यांच्या जोडीला ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांसारखे शिकारी मासेही विकावयास असतात. विकत घेताना हे मासे बोटाएवढे असतात. त्यांची पुढे किती वाढ होईल याचा हिशेब क्वचितच कोणी करतो. या हिशेबाचा संबंध अखेर आपल्या गोदावरीशी आणि मांजरेशी कसा पोचतो, हे लेखाच्या शेवटी दिसून येईल.

आपल्याकडील जुनी जाण

माशांच्या सहवासाचा विचार आपल्या भागास नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ज्ञानकोशासारखा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून ते फार दूर नाही. या ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण आहे. त्यात समुद्रातले व नद्यांतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्ग पाडून कोणत्या माशास कोणते खाद्य रुचते, हेही सांगितले आहे. मासा ओळखावयाचा तो त्याच्या आहारावरून, हे सूत्र त्यात गृहीत धरलेले आहे आणि तेच आजही उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण आपल्या गावतळ्यांचे. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली कटक येथे कार्पजातीय माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि त्यानंतर देशभर कटला, रोहू व मृगळ यांचे बीज एकत्र सोडण्याची पद्धत रूढ झाली. या तिघांचे एकाच तळ्यात भांडण का होत नाही? कारण त्यांच्या तोंडाची ठेवण पाहावी. कटल्याचे तोंड वर वळलेले; तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तो तळाशी वावरतो. तिघांनी तळे तीन मजल्यांत वाटून घेतले आहे असे म्हणावयास हरकत नाही. बीज सोडताना कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते.

पण हे तिघे गुण्यागोविंदाने राहावेत म्हणून त्याआधी एक कठोर काम करावे लागते. तळ्यातले मरळ, शिवडा, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे काढून टाकावे लागतात. जाळ्याने ते सगळे निघत नाहीत; मरळ तर चिखलात दडी मारून बसतो. म्हणून हेक्टरी सुमारे २,५०० किलो या प्रमाणात मोहाची पेंड टाकतात. तिच्यातील सॅपोनिन या द्रव्याने मासे मरतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या पाण्यातले विष ओसरून पेंडीचे खत होते. मोठ्या जलाशयात हा उपाय शक्य नसतो. तेथे निराळी युक्ती करतात : बीज लहान असताना न सोडता ते सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे झाल्यावरच सोडतात, म्हणजे बऱ्याच शिकाऱ्यांच्या तोंडात ते सहजी मावत नाही. 'तोंडात मावत नाही' या तीन शब्दांत आपल्या विषयाचा पहिला नियम आला.

पाच कसोट्या

पहिली कसोटी तोंडाची. बहुतेक शिकारी मासे भक्ष्याचे तुकडे करीत नाहीत. ते अख्खे गिळतात. म्हणून शेजारी सुरक्षित आहे की नाही, हे शिकाऱ्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या जबड्याच्या रुंदीवर ठरते. येथे लांबीपेक्षा उंची महत्त्वाची. निमुळता, काडीसारखा मासा लांब असला तरी गिळला जातो. सिल्व्हर डॉलरसारखा ताटलीच्या आकाराचा मासा लांबीने कमी असला तरी घशात अडतो. तोंडात मावणारा मासा आज ना उद्या खाल्ला जाणारच, असे समजून चालावे. यास एक उपनियम जोडला पाहिजे. तळाशी राहणारे कोरिडोरास यांसारखे छोटे काटेरी मासे तोंडात मावतात, परंतु संकटात आपले काटे ताठ करून अडकवून ठेवतात. अशा वेळी गिळणारा आणि गिळलेला दोघेही मरतात. तेव्हा 'काटा आहे, म्हणजे सुरक्षित आहे' हा तर्क खरा नव्हे.

दुसरी कसोटी स्वभावाची. खाणे आणि मारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिक्लिड कुळातील मासे (ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न हे त्यातलेच) आपल्या हद्दीचे रक्षण करतात, आणि अंडी घातल्यावर तर ही हद्द टाकीभर पसरते. खाण्याची इच्छा नसतानाही ते शेजाऱ्याचे पर फाडतात, त्यास कोपऱ्यात दाबून ठेवतात. उलट अरोवाना तोंडात न मावणाऱ्या शेजाऱ्याकडे बहुधा दुर्लक्ष करतो; मात्र आपल्याच जातीच्या दुसऱ्याशी त्याचे पटेलच असे नाही. म्हणून एकाच आकाराचे, एकाच रूपाचे दोन हद्दखोर मासे एकत्र ठेवणे हे सर्वात धोक्याचे असते. शेजारी जितका दिसण्यात व वागण्यात वेगळा, तितका तो प्रतिस्पर्धी कमी वाटतो.

तिसरी कसोटी थराची. कटला-रोहू-मृगळ यांचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. अरोवानाचे तोंड वर वळलेले. तो पृष्ठभागाचा शिकारी. ऑस्कर मधल्या थरातला. शैवाल खरवडणारा प्लेकोस्टोमस तळाचा. दुकानात उभे राहून माशाच्या तोंडाची दिशा पाहिली तरी त्याचा मजला कळतो. त्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही.

चौथी कसोटी पाण्याची. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना अल्कधर्मी, कठीण पाणी मानवते; अमेझॉन खोऱ्यातील डिस्कससारख्या माशांना मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. दोघांना एका टाकीत घालणे म्हणजे दोघांपैकी एकावर अन्याय करणे होय. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते. अशा पाण्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी व जितके उष्ण, तितका तो अधिक विषारी ठरतो. शिकारी मासे मांसाहारी असल्याने त्यांच्या टाकीत अमोनियाही अधिक निर्माण होतो. टाकीतील उपयुक्त जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; पण या जिवाणूंची वसाहत जमण्यास काही आठवडे जातात. नवी टाकी भरून दुसऱ्याच दिवशी चार मासे सोडले आणि आठवड्यात ते मेले, तर दोष बहुधा शेजाऱ्याचा नसून पाण्याचा असतो.

पाचवी कसोटी वाढीची. वरील चारही कसोट्या आजच्या माशास न लावता दोन वर्षांनंतरच्या माशास लावावयाच्या असतात. पाच सेंटिमीटरचे ऑस्करचे पिल्लू चांगल्या खाण्यावर वर्षभरात २५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि पुढे ३० ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. सिल्व्हर अरोवाना ९० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. 'टाकीच्या मापाने मासा वाढतो' ही समजूत घातक आहे. लहान टाकीत मासा खुरटतो तो घाण पाण्याने व कोंडमाऱ्याने. ती आजाराची खूण आहे; तिला जुळवून घेणे म्हणता येत नाही.

काही प्रत्यक्ष जोड्या

आता या कसोट्या लावून पाहू. ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलर, टिनफॉइल बार्ब व प्लेकोस्टोमस यांची जोडी जमते. पहिले दोघे उंच अंगाचे, चपळ व घोळक्याने राहणारे. तिसरा तळाचा आणि अंगावर हाडांचे कवच असलेला. घोळका समोर शांतपणे फिरत असला की मोठा मासाही बुजरेपणा सोडतो, हा त्याचा आणखी एक लाभ. परंतु ऑस्करबरोबर गप्पी किंवा निऑन टेट्रा ठेवणे म्हणजे त्यांना खाद्य म्हणूनच आणणे. गप्पी आपल्या परिचयाचा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसे तो हौदांत व डबक्यांत सोडतात. अळीच्या दृष्टीने तोही शिकारीच. शिकारी हा शब्द सापेक्ष आहे, हे यावरून कळावे.

फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात नसलेला, माणसाने संकराने घडविलेला मासा. त्याचा सर्वात योग्य शेजारी म्हणजे कोणीही नाही. काही माशांना एकटे ठेवणे हीच त्यांची व इतरांची सोय असते, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आपला मरळ टाकीत ठेवावयाचा झाल्यास त्याचे गुण आधी जाणून घ्यावेत. डोक्यातील विशेष अवयवामुळे तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून अल्प पाण्यातही तग धरतो; आणि झाकण नसेल तर उडी मारून बाहेर पडतो. पिलांचे रक्षण तो इतक्या निष्ठेने करतो की त्या काळात शेजारी नकोच. शेजारच्या तेलंगणाने मरळास राज्यमाशाचा मान दिला आहे. महाराष्ट्राने २०२३ साली तो पापलेटास दिला. मत्स्यशेतीत मरळाच्या शिकारीपणाचा सदुपयोगही करतात. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया, जिला आपले कोळी-भोई चिलापी म्हणतात, तळ्यात इतकी पिले घालते की दाटीमुळे सारीच खुरटतात. तेथे थोडे मरळ सोडले तर जादा पिले खाल्ली जातात आणि उरलेली चिलापी पोसते. शिकाऱ्याचे स्थान योग्य असेल तर तो व्यवस्था राखतो, हा मत्स्यन्यायाचा दुसरा अर्थ कौटिल्याच्या उपमेत आलेला नाही.

आसऱ्याचे महत्त्व

रशियन शास्त्रज्ञ गौझे याने १९३४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे स्मरणीय आहेत. त्याने परीक्षानळीत पॅरामेशियम हा सूक्ष्म जीव व त्यास खाणारा डिडिनियम असे दोघे एकत्र ठेवले. डिडिनियमने सारे भक्ष्य खाऊन संपविले आणि मग तो स्वतः उपासमारीने संपला. पुढे नळीच्या तळाशी गाळ ठेवून भक्ष्यास लपावयास जागा दिली, तेव्हा भक्ष्य वाचले. याचा अर्थ असा की केवळ दोघांची निवड पुरत नाही. दोघांमधली जागा कशी आहे, हेही पाहावे लागते. काचेच्या उघड्या पेटीत पळून जावयास वाट नसते. म्हणून दगडांच्या कपारी, मातीच्या कुंड्या, लाकडाचे ओंडके यांनी दृष्टीची रेषा तोडावी. पाठलाग तेथेच थांबतो.

सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. शांत मासे आधी सोडावेत, हद्दखोर मासा सर्वात शेवटी. तो आधी आला तर संपूर्ण टाकी त्याची मालमत्ता होते. नवा शेजारी आणावयाचा झाल्यास दगड-कुंड्यांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मिसळावा. खाद्य म्हणून जिवंत गोल्डफिश घालण्याची रीत टाळावी; त्यातून रोग येतात, आणि सतत तेच खाऊ घातल्यास ब जीवनसत्त्वातील थायमिनची उणीव होते. गोळी-खाद्य, कोळंबी, गांडुळे यांवर शिकारी मासे चांगले पोसतात. पोट भरलेला शिकारी शेजाऱ्याकडे कमी लक्ष देतो, हे खरे. परंतु त्या भरवशावर लहान मासा त्याच्यापुढे ठेवू नये.

पाण्याचा हिशेब

टाकीचे गणित सोपे आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. ती ऑस्करास पुरणारी नव्हे. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर मावते, आणि एका प्रौढ ऑस्करास इतकी जागा तरी हवीच. अशा टाकीतले एक-तृतीयांश पाणी आठवड्यास बदलावयाचे तर दर खेपेस सुमारे ८५ लिटर, म्हणजे महिन्यास साडेतीनशे लिटरच्या आसपास ताजे पाणी लागते. नळाचे असेल तर त्यातील क्लोरीन घालवूनच ते वापरावे.

लातूरकरास हा आकडा कोरडा वाटणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले; 'जलदूत' या गाडीच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या गावाने घागरीसाठी रांगा पाहिल्या, तेथे शिकारी मासा पाळणाऱ्याने दुष्काळी वर्षाचा विचार आधीच केला पाहिजे. टाकीतून काढलेले पाणी झाडांना घालावे. नायट्रेटमुळे ते खतासारखे चालते. उन्हाळ्याची दुसरी अडचण प्राणवायूची. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस तो साडेसातवर येतो. त्यात वीज गेली आणि हवेचा पंप थांबला तर दाटीच्या टाकीतले मोठे मासे आधी गुदमरतात. शेजारी कमी असणे हा येथे सर्वात स्वस्त उपाय.

टाकी अपुरी पडली तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निवड चुकली, मासा वाढला, शेजारी संपले, टाकी अपुरी पडली. अशा वेळी अनेकांना नदी आठवते. जीव वाचविल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात टाकीतला मत्स्यन्याय आपण नदीत नेऊन सोडतो. टाकीला झाकण असते, नदीला नाही.

हे भय काल्पनिक नाही. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा शिकारी मासा सोडला गेला, आणि १९८० च्या दशकापर्यंत तेथील शेकडो देशी जाती दुर्मिळ वा नामशेष झाल्या. आपल्याकडे थाई मांगूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगुरावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. तरीही तो चोरून पाळला गेला, आणि महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्याची मोहीम काढावी लागली. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार सापडला. तो हौशी टाक्यांसाठी विकला जाणारा मासा असून दोन मीटरहून अधिक वाढू शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यान्वये परकीय आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला आहे. आशियाई अरोवानासारख्या आंतरराष्ट्रीय संरक्षण असलेल्या जाती बाळगणाऱ्यास तर नोंदणीही करावी लागते.

नांदेडजवळ असर्जनच्या बाजूस विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आहे. गोदावरीच्या या पाण्यात मरळ, वाम, चालट, शिंगाळा हे देशी शिकारी आणि त्यांचे भक्ष्य यांनी एकमेकांच्या सवयी ओळखून फार दीर्घ काळ काढला आहे. त्यावर जाळे टाकून जगणारी भोई कुटुंबे आहेत. परक्या शिकाऱ्याचे डाव येथल्या लहान माशांना ठाऊक नाहीत, आणि मोहाची पेंड टाकून नदी काही धुऊन काढता येत नाही. म्हणून वाढलेला मासा दुकानदारास परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या हौशी माणसास द्यावा; नदी, विहीर, तलाव यांत मात्र कदापि सोडू नये.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर शेजारी निवडताना तोंड, स्वभाव, थर, पाणी आणि वाढ या पाच गोष्टी पाहाव्यात, आसरा द्यावा आणि क्रम पाळावा. यातील एकही गोष्ट मासा स्वतः करू शकत नाही. रानातल्या पाण्यात त्यास पळता येते, लपता येते, दुसरीकडे जाता येते. काचेच्या पेटीत त्याचे हे तिन्ही हक्क आपण काढून घेतलेले असतात. कौटिल्याने मत्स्यन्याय टाळण्याची जबाबदारी राजावर टाकली. टाकीच्या राज्यात ती पाळणाऱ्यावर येते, आणि ती पार पाडण्याची वेळ मासा विकत घेण्यापूर्वीची आहे. दुकानात बोटाएवढे पिल्लू दाखविले जाईल तेव्हा त्याची पूर्ण वाढलेली लांबी विचारावी, घरच्या टाकीचे लिटर मोजावेत, आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर रिकाम्या हाताने परत यावे.